स्कूटी फक्त मंडईपुरतीच?

कोजागरीला सोलापुरातल्या कितीतरी जणी तुळजापूरला चालत जातात. सुमारे 45 किलोमीटर! त्याचं कुणाला नवल नाही. पण तेवढंच अंतर स्कूटीवर एकटीने जाते म्हणा बघू. "सोबत कोण आहे?" हा पहिला प्रश्न.

मैत्रिणींनो, 2015 मध्ये अनम हाशीम ही तरुणी 110 सीसीची स्कूटी घेऊन लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीत पोचली. उंची सुमारे 17,500 फूट. आपल्या दारात उभी असते तसलीच गाडी, बरं का! तिथली हवा विरळ. माणसाला धाप लागते, तशी इंजिनाचीही ताकद घटते. मग एवढ्याशा इंजिनात उरणार ती किती? तरी पुढच्या वर्षी ती आणखी मुलींना घेऊन पुन्हा तिथेच गेली. आपल्या पुण्यातही उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी 2011 मध्येच 'बायकर्नी' हा मोटरसायकलवाल्या बायकांचा गट उभा केला.

आठ मार्चला गावोगावी आपल्या स्कूटी रॅली निघतात. फेटे, गॉगल, फोटो. हौस हवीच. पण चार चौक फिरून गाड्या परत दारात! मला विचाराल तर रॅली तुळजापूरपर्यंत न्यावी. फेट्याऐवजी हेल्मेट. हवा, ब्रेक, पेट्रोल आदल्या दिवशीच बघायचं. आणि दुपारच्या स्वयंपाकाचं घरच्यांना सांगून ठेवायचं.