यंत्र आभासी, परवाना खरा

मराठी मुलखात छपाईची जुळणी संगणकावर होऊ लागली तेव्हा विंडोजमध्ये देवनागरीची सोय नव्हती. पुण्याच्या सी-डॅकचे ‘आयएसएम’ किंवा मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ यांसारखी सॉफ्टवेअरे रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवून ती उणीव भरून काढीत. पुढे विंडोज २००० मध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा सांकेतिक क्रमांक देणारी युनिकोड देवनागरी आली, तरी आधीच्या फायली मूळ फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत आणि त्या काळची सॉफ्टवेअरे नव्या विंडोजवर अनेकदा चालत नाहीत. स्मरणिका, अहवाल आणि पुस्तके यांचा हा ठेवा असा एका जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमशी, म्हणजे संगणकाची सगळी यंत्रणा हाताळणाऱ्या मूलभूत सॉफ्टवेअरशी, जखडला गेला आहे.

जुना संगणक कायमचा बंद पडला की व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच आभासी संगणक, उपयोगी पडते. हायपरवायझर नावाचे सॉफ्टवेअर खऱ्या संगणकाच्या प्रोसेसरचा, स्मृतीचा आणि डिस्कचा काही भाग वेगळा काढून त्यातून दुसरा संगणक उभा करते, आणि त्यात बसवलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमला आपण स्वतंत्र यंत्रावरच आहोत असे भासते. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० द्वारे मोठ्या संगणकांवर रुजवलेली ही कल्पना १९९९ मध्ये व्हीएमवेअरने घरगुती संगणकावर आणली. अशा संगणकाची संपूर्ण डिस्क सहसा एका फाईलमध्ये सामावते, त्यामुळे काही मिनिटांत तिची हुबेहूब नक्कल होते, आणि परवान्याचा प्रश्न नेमका येथेच उभा राहतो.

विंडोज १० व ११ च्या करारांनुसार एक परवाना एकाच उपकरणावरील एका प्रतीपुरता असतो, मग ते उपकरण खरे असो वा आभासी. प्रत्येक आभासी संगणकाला वेगळा परवाना लागतो. संगणकाबरोबर कारखान्यातूनच आलेला, ओईएम म्हणून ओळखला जाणारा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असल्यामुळे यंत्र मोडले की तोही संपतो. स्वतंत्रपणे विकत घेतलेली प्रत मात्र जुन्या संगणकावरून काढून दुसऱ्यावर बसवता येते. विंडोज बनवणाऱ्या कंपनीची भूमिकाही काळानुसार बदलत आली आहे. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या घरगुती आवृत्त्यांना आभासी संगणकात मनाई होती, ती पुढच्याच वर्षी उठली. २००९ मध्ये विंडोज ७ च्या प्रोफेशनल आवृत्तीबरोबर तर आभासी संगणकात चालणारी, वेगळ्या परवान्याची गरज नसलेली जुनी विंडोज एक्सपी मिळू लागली. जुनी सॉफ्टवेअरे जगवण्यासाठी याइतकी समंजस तरतूद क्वचितच झाली असेल.

विकत घेतलेल्या वस्तूवर एवढी बंधने का, ही ग्राहकाची तक्रार स्वाभाविक आहे. तिचे उत्तर बेंगळुरूच्या इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या कंपनीच्या करविषयक खटल्यात सापडते. सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी दिलेल्या निकालात सॉफ्टवेअरवरील कॉपीराइट आणि त्या सॉफ्टवेअरची एक प्रत या दोन गोष्टी निराळ्या मानल्या; ग्राहकाला मिळते ती प्रत आणि ती वापरण्याची मुभा, कॉपीराइट नव्हे. शेत कसायला घेतले म्हणून उताऱ्यावरील मालकी बदलत नाही, तसेच हे आहे. तरीही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ कायदेशीर प्रतधारकाला हानी किंवा नाश यांपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत काढू देते. आभासी डिस्कची फाईल त्यासाठी जपून ठेवणे वेगळे आणि तीच फाईल दोन संगणकांवर एकाच वेळी चालवणे वेगळे. प्रत बेकायदा असल्याचे ठाऊक असूनही ती वापरणाऱ्यास कलम ६३ब नुसार कैदेची तरतूद आहे.

प्रश्न केवळ परवान्याचा नाही: विंडोज एक्सपीचे सुरक्षा-साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. म्हणून परवाना निर्दोष असला तरी असा आभासी संगणक इंटरनेटपासून तोडूनच चालवावा, आणि त्याचा उपयोग मुख्यतः जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी करावा. त्या रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार यांची गफलत होते, त्यामुळे प्रत्येक पान छापील प्रतीशी ताडून पाहावे लागते.