निळा लेसर घरी आला तेव्हा

रेडिओ, टेपरेकॉर्डर उघडून पाहण्याचा नाद आम्हाला लहानपणापासूनच. नांदेडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातला एक कोपरा आजही तारा, जुन्या मोटारी आणि सोल्डरिंगच्या सामानाने भरलेला आहे. त्यामुळे लातूरला ताईकडे गेलो असताना गंजगोलाईतल्या एका टपरीवर हातात धरायचा निळा लेसर टॉर्च दिसला आणि आमचा हात आपोआप खिशात गेला. डबीवर छापले होते, ‘5 मिलिवॅटपेक्षा कमी’. म्हणजे खेळणेच, असे आम्ही समजलो.

रात्री ताईच्या गच्चीवर तो पेटवला. हवेतल्या धुळीतून निळी दोरी ताणावी तसा किरण सरळ निघाला. निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा हवेत जास्त विखुरतो. दिवसा आभाळ निळे दिसते तेही याच कारणाने. समोरच्या भिंतीवरचा ठिपका मात्र थोडा धूसर, कडेने पसरलेला वाटला. आपल्या डोळ्याला गडद निळा रंग नीट एकवटता येत नाही, म्हणून तसे दिसते. मग वाटीभर गोड्या तेलात चिमूटभर हळद कालवली आणि किरण त्यावर धरला. तेल पिवळसर हिरवे चमकू लागले! सातवीतला भाचा उड्या मारू लागला, “मामा, मला बी द्या की जरा!”

तेवढ्यात आम्हाला एक गोष्ट आठवली. आगपेटीतल्या एका काडीचे गूल काळ्या शाईने रंगवून किरण त्यावर धरला. क्षणभरात काडी भुर्रकन पेटली. आम्ही चरकलोच. 5 मिलिवॅटच्या किरणाने काडी अशी पेटत नाही, त्याला शेकडो मिलिवॅट लागतात. डबीवरचा आकडा खोटा होता.

टॉर्च बंद करायला हात हलवला, तो किरण जवळच ठेवलेल्या स्टीलच्या ताटाच्या काठावर पडला. तिथून उसळलेला निळा पट्टा भिंतीवरून सरकला आणि भाच्याच्या कपाळावरून गेला. डोळा बोटभर अंतरावर होता. ताई काही बोलली नाही, पोराला फक्त जवळ ओढले. त्या रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही.

यात धोका काय, ते समजून घेऊ. साध्या बल्बचा उजेड चहूकडे पसरतो. लेसरचा सगळा उजेड एकाच दिशेने जातो, आणि डोळ्यातले भिंग तो पडद्यावरच्या सुईच्या टोकाएवढ्या जागी एकवटते. पडद्याला वेदना कळत नाहीत. तिथे भाजले तरी दुखत नाही, नजरेत काळा डाग मात्र कायमचा राहू शकतो. किरण 1 मिलिवॅटच्या आतला असेल तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि डोळा वाचतो. शेकडो मिलिवॅटपुढे पापणीला तेवढाही अवधी मिळत नाही. शिवाय निळा रंग फसवा असतो. तेवढ्याच ताकदीचा हिरवा किरण डोळ्याला सुमारे वीसपट उजळ दिसतो. म्हणून निळा ‘मंद’ वाटतो आणि माणूस गाफील राहतो.

मिरवणुकांतल्या लेसरची गोष्टही वेगळी नाही. 2023 च्या गणेशविसर्जनानंतर नाशिकमध्ये तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याचे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले. 2024 च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी अशा दिव्यांवर बंदी घातली. मिरवणूक कोणतीही असो, खांद्यावर बसलेल्या लेकराचे डोळे सर्वांत उंच आणि किरणाच्या वाटेत असतात, हे आईबापांनी विसरू नये.

म्हणून लेसर वाईट, असे मात्र नव्हे. निळा प्रकाश देणारा चांगला स्फटिक घडवणे अनेक वर्षे कोणाला जमत नव्हते. जपानमधल्या एका कंपनीतले इंजिनिअर शुजी नाकामुरा चिकाटीने त्याच्या मागे लागले, आणि 1990 च्या दशकात निळा दिवा व निळा लेसर दोन्ही साधले. निळ्या दिव्यासाठी 2014 साली त्यांना अकासाकी आणि अमानो यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आणि आपल्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, ‘लायगो-इंडिया’ उभी राहत आहे. केंद्राने एप्रिल 2023 मध्ये तिला सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून लेसर किरण धावतील आणि दूर अंतराळात कृष्णविवरे एकमेकांवर आदळल्यावर येणारी लहर टिपतील. त्यासाठी मोजायचा फरक अणुगर्भातल्या प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो.

घरातल्यांसाठी आमचे सांगणे एवढेच : काडी पेटवणारा लेसर पोराच्या हाती देऊ नका, डबीवर काहीही लिहिलेले असो. आरसा, काच, स्टीलची भांडी यांच्यापासून तो दूर ठेवा. माणूस, जनावर, गाडी, विमान यांच्यावर रोखू नका. ज्याला हा छंद करायचाच आहे त्याने त्या निळ्या किरणासाठीच बनवलेला संरक्षक चष्मा घ्यावा, उन्हाचा गॉगल उपयोगाचा नाही. मुलांना जुनी सीडी द्या आणि तिच्यावर साध्या टॉर्चचा उजेड पाडा. सगळे सप्तरंग घरातच दिसतील.

आमच्या लेसरचे सेल काढून तो फडताळाच्या वर ठेवला आहे. परवा भाच्याने फोनवर विचारले, “मामा, औंढ्याच्या त्या यंत्रावर काम करायला काय शिकावं लागतं?” आम्ही म्हणालो, “गणित आणि विज्ञान. आणि बाळा, दोन्ही डोळे शाबूत लागतात.”