कीबोर्ड शॉर्टकट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले, की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांत उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांसाठी रांगा लागतात. अर्ज भरणाऱ्याचा हात दर रकान्याला माऊसकडे धावत असेल, तर रांग पुढे सरकत नाही. 2001 साली एमएस-सीआयटी सुरू झाल्यावर कॉम्प्युटर तालुक्यातालुक्यांत पोचला. शॉर्टकटबद्दलचे काही गैरसमज मात्र अजून टिकून आहेत.

गैरसमज : शॉर्टकटचा अख्खा तक्ता पाठ करावा लागतो.
वस्तुस्थिती : आपल्या कामाचे पाच-सहा पुरतात. अर्ज भरताना टॅबने पुढच्या रकान्यात जायचं, शिफ्ट-टॅबने मागच्या. वर्ड-एक्सेलमध्ये ऑल्ट दाबलं, की मेनूवर अक्षरंच उमटतात. ती बघून पुढचं जमतं.

गैरसमज : मराठी टायपिंग चालू असताना शॉर्टकट चालत नाहीत.
वस्तुस्थिती : विंडोजच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर चालतात. तिथे 'म' सीच्या कळीवर आहे आणि 'न' व्हीच्या. म्हणून कंट्रोलसोबत 'म' दाबला की कॉपी, 'न' दाबला की पेस्ट. कॉपी-पेस्टसाठी इंग्रजीत जायची गरज नाही. भाषाच बदलायची असेल, तर विंडोज-स्पेस.

गैरसमज : एक शॉर्टकट सगळीकडे एकच काम करतो.
वस्तुस्थिती : मार्केट यार्डात हिशेब लिहिणारा टॅलीत कंट्रोल-ए दाबून व्हाउचर सेव्ह करतो. त्याच सवयीने वर्डमध्ये दाबलं, तर सगळं पत्र सिलेक्ट होतं, आणि पुढे एक अक्षर टाइप झालं की पत्र जाऊन तेवढं अक्षर उरतं. अशा वेळी न घाबरता लगेच कंट्रोल-झेड.

गैरसमज : कंट्रोल-एस केलं, म्हणजे ऑनलाइन अर्ज जतन झाला.
वस्तुस्थिती : ब्राउझरमध्ये त्याने साधारणपणे वेबपेजची प्रत आपल्या कॉम्प्युटरवर उतरते. अर्ज पोर्टलवर जतन करायचा, तर पोर्टलचंच बटण दाबावं लागतं.

गैरसमज : फाईल कट केली आणि लाईट गेली, की फाईल गेली.
वस्तुस्थिती : पेस्ट करेपर्यंत फाईल मूळ फोल्डरमध्येच असते. कट केलेला मजकूर मात्र जागेवरून तत्काळ उठतो, आणि दुसरं काही कॉपी केलं, की क्लिपबोर्डवरूनही जातो. विंडोज-व्हीची सोय आधी चालू करून ठेवली असेल, तर तो तिथे सापडतो.

वेग वाढवत नाही, तरी सेवा केंद्रात सर्वांत आधी शिकावा असा शॉर्टकट म्हणजे विंडोज-एल. खुर्चीवरून उठताना तो दाबला की स्क्रीन लॉक होते. समोर कुणाचं तरी आधार कार्ड उघडं असतं.