नळी मोठी, तर दाणाही मोठा!
ठासणीच्या बंदुकीत दारूच्या दाण्याचा आकार का महत्त्वाचा?

शिर्डी, प्रतिनिधी – साईदर्शनासाठी शिर्डीला येणारे असंख्य भाविक अहिल्यानगर शहरातून ये-जा करतात. या शहरात घडलेली सर्वांत प्रसिद्ध तोफ पाहायची असेल, तर मात्र विजापूर गाठावे लागते. 'मुलूखमैदान' ही ती तोफ. निजामशाहीच्या काळात, १५४९ मध्ये, महंमद बिन हसन रूमी या कारागिराने ती तेव्हाच्या अहमदनगरात ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि १६३२ मध्ये विजापूरला पोहोचली. वजन सुमारे ५५ टन, लांबी सुमारे १४ फूट आणि नळीचा व्यास दोन फुटांहून अधिक. एवढ्या व्यासाचा काळ्या दगडाचा गोळा घडविला, तर त्याचे वजन साडेचारशे ते पाचशे किलो भरेल.

एवढा गोळा ढकलणारी दारू आणि खांद्यावरच्या बंदुकीतील दारू यांत घटकांचा फारसा फरक नसतो. सोरा, गंधक आणि कोळसा हेच तीन पदार्थ दोन्हींत असतात. फरक असतो तो दाण्याच्या आकाराचा. तोंडाकडून भरायच्या, म्हणजे ठासणीच्या, कोणत्याही मोठ्या व्यासाच्या बंदुकीला हाच नियम लागू होतो. तो चुकला, तर नेम तर जातोच. प्रसंगी नळी फुटून बार काढणाऱ्याच्या जिवावर बेतते.

पृष्ठभागाचे गणित

काळ्या दारूचा दाणा बाहेरून आत जळत जातो. त्यामुळे दारू किती वेगाने वायू निर्माण करील, हे तिच्या एकूण पृष्ठभागावर ठरते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर असतो. त्याच घनाचे एक मिलिमीटर बाजूचे तुकडे केले, तर हजार तुकडे होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग साठ चौरस सेंटिमीटर होतो. वजन तेवढेच, पण जळणारा पृष्ठभाग दहापट!

दुसरा मुद्दा गोळीच्या वजनाचा. गोल गोळीचा व्यास दुप्पट केला, तर वायूचा दाब झेलणारे तिचे क्षेत्रफळ चौपट होते. वजन मात्र आठपट होते. अशी जड गोळी जागची हलायला वेळ घेते. दारू बारीक असेल, तर गोळी हलण्यापूर्वीच दाब शिगेला पोहोचतो. शिवाय भिंतीची जाडी आणि आतील दाब तेवढाच असला, तरी रुंद नळीच्या भिंतीवर अधिक ताण पडतो. नळीत आटे असतील, म्हणजे ती रायफल असेल, तर घट्ट बसलेल्या गोळीचा अडथळा आणखी वाढतो. म्हणून मोठ्या नळीला हळू जळणारी, जाड दाण्याची दारू मानवते. दाणा अवाजवी मोठा असेल, तर तो पुरता जळण्याआधीच नळीबाहेर फेकला जातो. जोर कमी पडतो आणि नळीत काजळी साचते.

पिठापासून दाण्यापर्यंत

सुरुवातीच्या काळात दारू पिठासारखी असे. वाहतुकीत हिसके बसून तिचे घटक वेगळे होत, ती ओल धरी आणि जास्त ठासली गेली, तर ज्योतीला आत शिरायला वाट राहत नसे. पंधराव्या शतकात युरोपात ही दारू ओलसर करून तिचे दाणे पाडण्याची रीत रुळू लागली. ओलीचा धोका मात्र पुढेही राहिला. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त दारूखाना वस्तीपासून दूर ठेवण्याची आणि दारूला वेळोवेळी ऊन देण्याची ताकीद दिली आहे.

१८५७ च्या उठावाशी नाव जोडले गेलेल्या एनफिल्ड रायफलीचा व्यास ०.५७७ इंच होता. सुमारे ३४ ग्रॅमची गोळी फेकायला तिला साडेचार ग्रॅमच्या आसपास दारू पुरे. तोफांचे व्यास वाढले, तशी मात्र ही दाणेदार दारूही फार बारीक ठरू लागली. १८६० च्या सुमारास अमेरिकेच्या थॉमस रॉडमन या लष्करी अधिकाऱ्याने नळीतील दाब मोजला आणि १५ इंची तोफेसाठी बोराएवढ्या दाण्यांची दारू पुढे आणली. पाठोपाठ भोके पाडलेल्या वड्या आल्या. वडी बाहेरून झिजते, तशी भोके आतून रुंदावतात. त्यामुळे गोळा पुढे सरकत असतानाही वायूचा पुरवठा टिकून राहतो.

आज काय पाहावे?

आज जगभर काळ्या दारूचे दाणे 'एफ' या अक्षराने ओळखले जातात. एफ जितके जास्त, तितका दाणा बारीक. एक एफ म्हणजे साधारण १.२ ते १.७ मिलिमीटरचा, लापशीच्या रव्यासारखा दाणा. सर्वसाधारण संकेत असा : ०.४५ इंचापर्यंतच्या नळीला तीन एफ, अर्ध्या इंचाच्या आसपास दोन एफ, तर पाऊण इंचाच्या आसपास एक एफ. चार एफची बारीक दारू केवळ कानावरच्या रंजकासाठी. अंतिम शब्द अर्थातच बंदूक बनविणाऱ्याच्या सूचनेचा.

हा विषय केवळ इतिहासाचा नाही. कोकणात शेती संरक्षणासाठी परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या बंदुका आजही आहेत. अशा बंदुकीत फटाके फोडून काढलेली दारू भरणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. सुतळी बॉम्बसारख्या फटाक्यांत ॲल्युमिनियमची भुकटी असते. ते मिश्रण ढकलण्यासाठी नव्हे, फोडण्यासाठीच केलेले असते. काडतुसातील धूरविरहित दारू भरणेही तितकेच घातक, कारण तिचा दाब ही नळी पेलू शकत नाही. परवान्याविना दारू बनविणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे वेगळे सांगायला नको.

जत्रेत किंवा गडावरच्या उत्सवात जुन्या तोफेला बत्ती देण्याचा उत्साह अनेकांना असतो. शतकानुशतके ऊन-पावसात पडलेल्या त्या नळीला आतून किती तडे गेले आहेत, हे बाहेरून दिसत नाही. अशा तोफेला कोणत्याही दाण्याची दारू न घालणे, हेच योग्य.