चिमटा आणि हँडल यांच्यामधले दोन इंच

सायकलच्या पुढच्या चाकाला धरणारा चिमटा फ्रेमच्या डोक्यातून नळीच्या रूपाने वर येतो. त्या नळीला हँडल जोडणारा आखूड तुकडा म्हणजे स्टेम. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीत तो वेगळा दिसतही नाही, कारण हँडल त्याला कायमचे झाळलेले असते. माउंटन बाइकमध्ये मात्र तो सुटा, बदलता येणारा भाग असतो. बसणाऱ्याचे वजन पुढच्या चाकावर किती पडावे आणि वळताना हात कसे फिरावेत, हे बऱ्याच अंशी त्याची लांबी ठरवते.

जुन्या पद्धतीचा स्टेम चिमट्याच्या नळीच्या आत उतरतो. वरून एक लांब बोल्ट आत जातो. तो आवळला की तळाची पाचर वर ओढली जाते आणि स्टेम नळीत घट्ट बसतो. असा स्टेम काढताना बोल्ट चार-पाच आटे सैल करायचा, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवायचा आणि हातोडीने एक ठोका द्यायचा. पाचर खाली सुटते आणि हँडल हलू लागते. तालुक्याच्या गावात ‘गिअरची सायकल’ म्हणून स्वस्तात जी मिळते, तिच्यात अजून बहुधा हीच रचना असते. उंची वाढवणे सोपे, हा तिचा मोठा फायदा. पण त्यातच धोकाही आहे. स्टेमच्या दांड्यावर किमान खोलीची खूण कोरलेली असते. २२.२ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा निदान अडीचपट, म्हणजे ५५ मिलिमीटरच्या वर भाग आत राहायला हवा. खूण बाहेर दिसत असेल, तर ती सायकल चालवू नये. उंच मुलासाठी लहान फ्रेम घेऊन हँडल ओढून वर केलेल्या सायकली सगळीकडे दिसतात, आणि नेमक्या त्यांच्यावरच ही खूण उघडी पडलेली असते.

१९९०च्या दशकाच्या आरंभी दुसरी रचना आली. तिच्यात चिमट्याच्या नळीला आटे नसतात. नळी वरपर्यंत सरळ येते, स्टेम बाहेरून तिच्यावर चढतो आणि बाजूच्या दोन बोल्टांनी तिला आवळतो. नळीची जाडी १ १/८ इंच, म्हणजे २८.६ मिलिमीटर; आजच्या पुष्कळ फ्रेममध्ये ती खाली दीड इंचापर्यंत रुंदावत जाते. पकड मजबूत, वजन कमी आणि दुरुस्तीला एक-दोन ॲलन पाने पुरतात. किंमत एवढीच की उंची मनाप्रमाणे बदलता येत नाही. स्टेमखालच्या कड्या वर-खाली करूनच काय ती मिळते.

लांबीचा इतिहास मजेदार आहे. कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यातल्या तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरउतारावर पळवायला सुरुवात केली, त्यांची ‘रिपॅक’ शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिल्यांदा झाली. पुढच्या काळात त्यांतूनच घडलेल्या माउंटन बाइकनी रस्त्यावरच्या शर्यतीचे गणित उचलले. १९९०च्या दशकात १२० ते १५० मिलिमीटरचा स्टेम आणि जेमतेम ५६० मिलिमीटर रुंदीचे हँडल हे रूढ होते. चढावर पुढचे चाक उचलले जात नसे, पण उतारावर स्वाराचे धड चाकाच्याही पुढे लोंबकळे. उपाय फ्रेममध्ये सापडला: फ्रेम पुढे लांब करा, स्टेम तेवढाच आखूड करा. मरिनच्या त्याच तरुणांपैकी गॅरी फिशर यांनी ती दिशा त्याच दशकात धरली. २०१२मध्ये माँड्रेकर या स्पॅनिश कंपनीने तर १० मिलिमीटरचा स्टेम लावून दाखवला. तो टोकाचा प्रयोग होता आणि बाजार तिथे स्थिरावला नाही. आज खडबडीत वाटांच्या सायकलीला ३५ ते ५० आणि क्रॉस-कंट्री शर्यतीच्या सायकलीला ६० ते ८० मिलिमीटर हे सर्वसाधारण माप आहे.

पन्नासच्या आसपासच गाडी का अडली, ते हँडल मोजले की कळते. आजचे हँडल ७६० मिलिमीटरच्या घरात रुंद असते आणि त्याची टोके साधारण ८ अंशांनी मागे वळलेली असतात. त्यामुळे मुठी हँडल धरणाऱ्या स्टेमच्या क्लँपपासून चाळीसेक मिलिमीटर मागे येतात. म्हणजे ५० मिलिमीटरच्या स्टेमवर मुठी चाक फिरण्याच्या अक्षाला जवळजवळ लागून असतात. हात जेवढा फिरतो, तेवढेच चाक. स्टेम १०० मिलिमीटर असेल, तर वळताना मुठी बाजूलाही सरकतात आणि धडाला त्यांच्या मागे जावे लागते. डांबरी सडकेवर हा संथपणा बरा वाटतो. खडकाळ वाटेवर तो नडतो.

उदाहरणार्थ, यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात दोन्ही प्रकारची जमीन आहे. कळंबहून यवतमाळला जाणारी वीस-बावीस किलोमीटरची सडक डांबरी. तिच्यावरून रोज जाणाऱ्याने ७० मिलिमीटरचा स्टेम ठेवावा, धड थोडे वाकून वाऱ्याला कमी अडते. पण सडक सोडून पांदणीला लागले की खेळ बदलतो. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात विटेसारख्या टणक होतात. पुढचे चाक चाकोरीत उतरले की तिची भिंत ते चाक आपल्या दिशेने पिळते. अशा वेळी रुंद हँडल चाक सरळ धरायला जोर देते आणि आखूड स्टेम धड मागे ठेवतो. इथे ४०-५० हाच आकडा.

कोनाचा हिशेब बहुतेक जण सोडून देतात, आणि ते बरोबर नाही. बाजारातले पुष्कळ स्टेम ६ अंश कलते असतात आणि उलटे करूनही बसवता येतात. १०० मिलिमीटरचा स्टेम उलटा केला की हँडल सुमारे २० मिलिमीटरने उतरते, ५० मिलिमीटरचा केला तर फक्त १०ने. खालच्या कड्यांतही एक छुपा परिणाम आहे: फ्रेमचे डोके मागे कललेले असल्यामुळे दर १० मिलिमीटरच्या कडीमागे हँडल तीनेक मिलिमीटर मागेही येते. कंबर दुखते म्हणून तीन कड्या चढवणाऱ्याने आपण सायकल सेंटिमीटरभर आखूडही केली, हे ध्यानात घ्यावे.

बनवणाऱ्याच्या दृष्टीने आखूड स्टेम सोयीचा. हँडलवर पडलेला भार स्टेमला वाकवतो आणि ती ओढ लांबीच्या प्रमाणात वाढते; लांबी निम्मी केली की ओढ निम्मी. उभे राहून चढ चढताना एक हात ओढतो, दुसरा दाबतो, तेव्हा स्टेम पिळला जातो. तिथेही आखूड नळी कमी पिळते. म्हणून वजन वाचवायला लांबीइतकी चांगली जागा नाही. बहुतेक स्टेम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, घडवून किंवा अखंड ठोकळ्यातून कोरून केलेले असतात. या धातूची एक खोड आहे: पोलाद ठरावीक मर्यादेखालचे हेलकावे कितीही सोसते, ॲल्युमिनियम मात्र लहान हेलकाव्यांनीही कधीतरी थकते. म्हणूनच आयएसओ ४२१० या मानकात हँडल आणि स्टेमची जोडी लाखभर वेळा आळीपाळीने ओढून-दाबून तपासतात. क्लँपचे माप २५.४, ३१.८ किंवा ३५ मिलिमीटर असते आणि ते हँडलशी तंतोतंत जुळावे लागते. मध्ये पत्र्याची पट्टी घालून भागवण्याचा जुगाड इथे चालत नाही.

नळीवर बाहेरून चढणारा स्टेम बसवताना क्रम महत्त्वाचा. नळीचे टोक स्टेमच्या माथ्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली हवे. आधी बाजूचे बोल्ट सैल ठेवून वरच्या टोपणाचा बोल्ट हळूहळू आवळायचा, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवून पाहायची, फ्रेमच्या डोक्यातल्या छर्‍यांतली खडखड थांबली की थांबायचे. मग स्टेम चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट आवळायचे. टोपणाचा बोल्ट पकड देत नाही, तो फक्त छर्‍यांवरचा ताण जुळवतो. तोच करकचून आवळून बाजूचे विसरणे ही नेहमीची चूक. हँडलपुढच्या झाकणाचे चार बोल्ट तिरप्या जोडीने, चारही बाजूंची फट सारखी ठेवत आवळावेत. जोर बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटर. नेमका आकडा स्टेमवर छापलेला असतो. मोठ्या पडझडीनंतर झाकण काढून बोल्टांच्या भोकांभोवती केसाएवढी भेग आहे का ते पाहावे. भेग दिसली, तर स्टेम भंगारात.

राहिला प्रश्न खरेदीचा. हँडल लांब पडते म्हणून १०० मिलिमीटरच्या जागी ८० मिलिमीटरचा स्टेम घालणे योग्य. पण त्याच सायकलीला ३५ मिलिमीटरचा घालावासा वाटत असेल, तर फ्रेमच मोठी पडली आहे आणि दुकानात परत जाऊन एक माप लहान सायकल मागणेच स्वस्त पडते.