पाय जमिनीला चिकटतात तेव्हा

आमचे आजोबा चालायचे थांबले ते काही एका दिवसात नव्हे. आधी पावले आखूड झाली. मग ते उंबरठ्याशी घुटमळू लागले, जणू कोणी चपलांना खालून डिंक लावला आहे. पुढे रात्री धोतर ओले होऊ लागले, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला बराच वेळ जाऊ लागला. एका डॉक्टरांनी "वय झालं" म्हणून सांगितले. दुसऱ्यांनी कंपवात ठरवून गोळ्या दिल्या. शेजारच्या काकूंनी तर डॉक्टरांच्याही आधी स्मृतिभ्रंश ठरवून टाकला होता! ह्या तीन निदानांत दोन वर्षे गेली. मानसशास्त्र हा माझा विषय, म्हणून नंतर जे वाचले नि विचारून घेतले ते येथे मांडते.

चौथ्याच दुखण्याचे नाव निघाले. नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. आपल्या मेंदूत चार पोकळ्या असतात. त्यांत व मेंदूभोवती मिळून सुमारे १५० मिलिलिटर स्वच्छ द्रव खेळत असतो. रोज जवळजवळ ५०० मिलिलिटर नवा तयार होतो आणि तेवढाच रक्तात शोषला जातो. हे शोषण बिघडले की पोकळ्या फुगतात. गंमत अशी, की पाठीच्या कण्यातून मोजला तर दाब बहुधा नेहमीसारखाच भरतो. कोलंबियातील बोगोटा शहरात सालोमोन हाकीम नावाच्या शल्यवैद्यांना १९५७ साली डोक्याला मार लागलेल्या एका १६ वर्षांच्या मुलात हेच दिसले. दाब ठीक, पोकळ्या मात्र फुगलेल्या. द्रव काढल्यावर मुलगा सुधारू लागला. १९६५ साली बॉस्टनच्या वैद्यांसह त्यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा जगाचे लक्ष गेले.

आता खरा प्रश्न ओळखायचे कसे हा. चाल, लघवी आणि बुद्धी ह्या तिन्हींत बिघाड, ही ह्या रोगाची खूण. पण म्हातारपणी हे तिन्ही वेगवेगळ्या कारणांनीही होतात, म्हणून आधी काय बिघडले हे विचारावे. अल्झायमरमध्ये बहुधा स्मरण आधी जाते. माणूस चालतो मात्र ठणठणीत, इतका की घर सोडून भटकतो. ह्या रोगात बहुतेक वेळा चाल आधी जाते. बुद्धी मंदावते, पण सूचक शब्द दिला की विसरलेले पुष्कळदा आठवते. आजोबांना "आपल्या मळ्यातला..." एवढे म्हटले, की गड्याचे नाव चटकन येई.

कंपवाताशी घोटाळा अधिक, कारण आखूड पावले दोन्हींकडे. पण कंपवाताचा रोगी पाय जवळजवळ ठेवून चालतो, हात झुलत नाहीत, स्वस्थ बसला असता बोटे थरथरतात. आजोबांचे पाय फाकलेले, चवडे बाहेर वळलेले, हात मात्र छान झुलत! शिवाय कंपवातावरच्या लेव्होडोपाने कंपवातात जसा स्पष्ट उतार पडतो, तसा येथे सहसा पडत नाही. आमच्या दोन वर्षांच्या गोळ्यांचे तेच झाले होते, आणि त्याचा अर्थ कोणी विचारला नव्हता.

एम्.आर्.आय्.मध्ये पोकळ्या मोठ्या दिसतात, पण मेंदू आक्रसला तरीही त्या मोठ्या दिसतात. म्हणून तज्ज्ञ मेंदूच्या माथ्यावरच्या घड्या पाहतात. ह्या रोगात त्या पुष्कळदा दाटीने मिटलेल्या असतात, अल्झायमरमध्ये रुंदावलेल्या. त्यानंतर कंबरेतून ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढून, आधीची व नंतरची चाल घड्याळ लावून मोजतात. सुधारली तर शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याचा संभव मोठा. न सुधारली तरी आशा संपत नाही. दोन रोग एकाच माणसात नांदू शकतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

उपाय म्हणजे शंट. डोक्यातून कातडीखालून पोटापर्यंत नेलेली बारीक नळी आणि मध्ये एक झडप. जंतुसंसर्ग, नळी तुंबणे, कवटीत रक्त साचणे हे धोके आहेतच. आईने संमतीच्या कागदावर सही करायला एक अख्खी दुपार घेतली.

शंटनंतर चाल सर्वांत जास्त सुधारते, स्मरण सर्वांत कमी. आजोबा आता काठी घेऊन वाण्याच्या दुकानापर्यंत एकटे जातात. सुटे पैसे मात्र तेथेच विसरून येतात. वाणी ते बाजूला ठेवतो, मी संध्याकाळी घेऊन येते.