तुटून पुन्हा जुळणारं जाळं

सकाळी 8. बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमधली प्रयोगशाळा. 2023मध्ये मेट्रो इथवर आली, तेव्हापासून पोचायची वेळ पक्की धरता येते. आज तर सगळा खेळ वेळेचाच.

8.30. रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवलेली पॉलियुरेथेनची शीट काढली. ओल राहिली तर पाणीच साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध अडवून बसतं. डायने डंबेलच्या आकाराच्या पट्ट्या कापल्या, जाडी मोजली.

9.30. पट्टी यूटीएमवर, म्हणजे ताण मोजणाऱ्या यंत्रावर, चढवली. तुटू न देता ताणली, सोडली. पडद्यावर जातानाची रेघ वर, परततानाची खाली. मधलं क्षेत्रफळ म्हणजे खर्ची पडलेली ऊर्जा. त्यातली बरीचशी साखळ्यांमधले हेच दुबळे बंध सुटण्यात जाते. चिरेच्या टोकाशीही हेच घडतं, म्हणून मुख्य साखळ्या वाचतात. तीच पट्टी लगेच पुन्हा ताणली तर हे क्षेत्रफळ आक्रसतं. बंध अजून जुळलेले नसतात. ही पट्टी आणि तशीच ताणलेली दुसरी, दोन्ही विश्रांतीला ठेवल्या.

11. इचलकरंजीची प्रशिक्षणार्थी विचारते, "ताई, मग बंध घट्टच का नाही करायचे?" तिला जपानच्या होक्काइडो विद्यापीठातल्या जियान पिंग गोंग यांची 2003ची दुहेरी जाळ्याची जेल सांगितली. पहिलं जाळं तुटतं आणि जेल चिवट होते. पण त्यातले सहसंयुजी बंध तुटले की तुटले. मग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं (एनसीएल) काम सांगितलं, आणि सांगताना मला नेहमीच अभिमान वाटतो. शायनी वर्गीस, आशीष लेले आणि रघुनाथ माशेलकर यांनी धातूच्या आयनांनी सांधली जाणारी जेल 2006मध्ये मांडली. पुढे 2012मध्ये सान डिएगोच्या गटासोबतची जेल आली: आम्लात काही सेकंदांत जुळणारी, अल्कलीत सुटणारी. तिथे कळीची होती बाजूच्या शाखेची लांबी. आखूड शाखा पलीकडे पोचत नाही, फार लांब शाखा गुंडाळून बसते.

1. डबा.

2. सकाळची पहिली पट्टी पुन्हा ताणली. क्षेत्रफळ भरून आलंय, पूर्ण नाही.

3.30. नव्या पट्ट्या, वेगवेगळे वेग. सावकाश ताणलं की बंधांना सुटून नवा जोडीदार शोधायला सवड मिळते. झटक्यात ताणलं की तोच पदार्थ ताठर वागतो. नुसता ताकदीचा आकडा मला म्हणूनच अपुरा वाटतो. बंध किती वेळ टिकतो, हे आधी ठरवायला हवं. फार टिकला तर वेळेवर सुटत नाही, फार कमी टिकला तर टांगलेलं वजन पदार्थाला हळूहळू लांबवत नेतं.

6. सकाळच्या दुसऱ्या पट्टीचं मोजमाप, आजचं शेवटचं. रेघ जवळजवळ पहिल्या रेघेवर. उरलेल्या पट्ट्या दमट पेटीत ठेवल्या. बेंगळुरूच्या पावसाळ्यात हे जुळणं टिकतं का, ते उद्या पाहायचंय.